ऊस उपाशी नाही, अडलेला आहे

पत्र: नमस्कार मॅडम. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. घर शिरोळ तालुक्यात, तीन एकर रान, सगळा ऊस. ओढ्याकडच्या एकरात पूर्वहंगामी लागण आहे. सात महिने झाले तरी ऊस कमरेच्या वर गेलेला नाही. पेरी बोटभर, पानांची टोकं करपलेली, वरंब्यावर पांढरं फुटलंय. माती तपासून आणली : सामू ८.१, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) ५.२, विनिमय सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) ५ टक्के. आण्णांनी युरिया वाढवला आणि दर आठ दिवसांनी पाणी सोडतात. दुकानदार म्हणतो, जी.ए. फवारा, पेरी लांबतील. जिप्समची ट्रॉलीही सांगून ठेवली आहे. आजोबा म्हणतात, रान मेलं. वर्गात आम्हाला शिकवलं की क्षारांच्या ताणात पेशीविभाजन मंदावतं. मग आमच्या उसाच्या पेशी विभागायच्याच थांबल्या का? थांबल्या असतील तर परत सुरू होतात का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, सुरू होतात. शेंडा जिवंत असेल आणि मुळाभोवतीचे क्षार उतरले, तर ऊस नवी पानं काढतो, नवी पेरीही काढतो. आधी आखूड राहिलेली पेरी मात्र आता लांबणार नाहीत, कारण त्यांतल्या पेशींच्या भित्तिका जाड होऊन बसल्या. म्हणजे गेलेली उंची गेली, पुढची अजून हातात आहे. आजोबांना एवढं जरूर सांग. आयुष्यभर कसलेल्या रानाबद्दल माणूस असं बोलतो तेव्हा त्याच्या पोटात काय कालवत असेल ते मला कळतं, पण क्षार फुटलेली जमीन मेलेली नसते.

आता आत काय चाललंय ते बघू, कारण ते कळलं की युरिया, जी.ए., जिप्सम आणि पाणी या चारही गोष्टींचा निकाल आपोआप लागतो.

मूळ मातीतून पाणी घेतं ते परासरणाने. मातीच्या पाण्यात क्षार वाढले की ते पाणी मुळाला सहज मिळत नाही. तुमच्या अहवालातली ५.२ ही ईसी डेसिसीमेन प्रति मीटर या एककात धरली, तर त्या पाण्याचा परासरण दाब जवळजवळ दोन वातावरणीय दाबांइतका होतो. तोही माती पूर्ण भिजलेली असताना. वाफशाला, म्हणजे जादा पाणी निथळून गेल्यावर, मातीतलं पाणी निम्म्याच्या आसपास येतं, क्षार मात्र तेवढेच राहतात, म्हणजे दाब दुपटीकडे जातो. सरीत पाणी दिसतं, बोट घातलं तर माती ओली लागते, आणि तरी मुळाला ते ओढून घ्यायला जड जातं. तुझे आण्णा ओली माती बघून पाणी पुरेसं आहे म्हणतात आणि ऊस बघून पाणी कमी पडतंय म्हणतात. दोन्ही वेळा ते बघतात ते खरंच असतं.

पहिला फटका बसतो तो पेशी लांबण्याला. नवी पेशी आतल्या पाण्याच्या दाबाने ताणली जाते आणि तिची भित्तिका हळूहळू सैल होत वाढते. मुळाशी खारं पाणी आलं की पानाची वाढ काही मिनिटांत मंदावते. थोड्या वेळाने ती काहीशी सावरते, पण पहिल्या वेगावर परत येत नाही. सोडियम अजून पानात पोचलेलाही नसतो. म्हणजे हा फटका विषाचा नाही, पाण्याचा आहे.

मग येतं तुझ्या वर्गातलं पेशीविभाजन. मुळाच्या टोकाशी, मूलटोपीच्या मागे, विभाजी ऊतींचा, म्हणजे विभागत राहणाऱ्या पेशींचा, एक छोटासा पट्टा असतो. उसाच्या शेंड्यातही असतो, आणि प्रत्येक कोवळ्या पेऱ्याच्या नि पानाच्या बुडाशीही असतो. पेशी विभागायची की नाही हे तिथे सायक्लिन नावाची प्रथिनं आणि त्यांच्या जोडीने काम करणारी कायनेझ विकरं ठरवतात. ताण आला की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, आणि त्याच्या सांगण्यावरून या कायनेझना रोखणारी प्रथिनं तयार होतात. मग पेशी पुढच्या टप्प्यात जात नाही, आहे तिथे थांबते.

बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी २००४ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाच्या मुळावर हे बारकाईने मोजलं. मिठाच्या पाण्यात गेल्यावर त्या कायनेझचं काम झपाट्याने घटलं, पण ही घट तात्पुरती होती. पुढे मुळाने जमवून घेतलं. विभागणाऱ्या पेशींचा पट्टा लहान झाला, आणि त्या लहान पट्ट्यात ज्या पेशी उरल्या त्या जवळपास नेहमीच्याच वेगाने विभागत राहिल्या. मूळ खुंटलं ते पेशी कमी निघाल्या म्हणून, आणि निघालेल्या पेशीही पूर्ण लांबल्या नाहीत म्हणून. मला हे काम फार मोलाचं वाटतं. कारण 'विभाजन मंदावतं' या पाठ्यपुस्तकी वाक्याच्या आत खरं काय घडतं ते त्यातून दिसतं. प्रत्येक पेशी सुस्तावत नाही. झाड कामावरच्या पेशींची संख्या कमी करतं, आणि उरलेल्या पूर्ण कामात असतात. वाढ परत सुरू होऊ शकते ती याच उरलेल्या पेशींतून.

म्हणजे खुंटणं हा नुसता बिघाड नाही. बऱ्याच अंशी झाडाने स्वतः लावलेला तो ब्रेक आहे. पाणी मिळत नसताना नवी पानं काढली तर बाष्पोच्छ्वास वाढेल, आणि पाण्याबरोबर क्षारही जास्त आत येतील. म्हणून झाड हात आखडतं.

दुकानदाराचा जी.ए. इथेच चुकतो. जी.ए. म्हणजे जिबरेलिक आम्ल. वनस्पतीत डेला नावाची प्रथिनं वाढीला आवर घालतात, आणि जिबरेलिन ती प्रथिनं मोडून काढतं. पेरी लांबतात ती त्यामुळे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या अरॅबिडॉप्सिस रोपांत बहुतेक डेला प्रथिनं नव्हती ती मिठात इतरांपेक्षा जास्त वाढली, पण मेलीही जास्त. ऊस म्हणजे अरॅबिडॉप्सिस नव्हे, हे मान्य. तरी मुळाशी क्षार तसेच ठेवून वरून ब्रेक काढायचा फवारा मी तुमच्या रानात मारू देणार नाही. ते पैसे निचऱ्यासाठी ठेवा.

पानांची करपलेली टोकं ही पुढची पायरी. पाणी पानातून उडून जातं, सोडियम आणि क्लोराईड मागे राहतात. जुनं पान जास्त दिवस पाणी उडवत आलेलं असतं, म्हणून आधी तेच करपतं, टोकाकडून आणि कडांनी. पेशी सोडियम रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवते, मुळं काही बाहेरही ढकलतात, पण या दोन्ही कामांना ऊर्जा लागते. शिवाय सोडियम पोटॅशियमच्या जागी घुसतो, आणि पेशीतली पन्नासहून जास्त विकरं पोटॅशियमवर चालतात. जुनी पानं मरण्याचा वेग नव्या पानांच्या वेगाच्या पुढे गेला की मग साखर बनवायला हिरवा भागच उरत नाही. तेव्हा ऊस खरोखर धोक्यात येतो.

तुमचा ऊस त्या टप्प्यावर गेलाय का, हे तुला घरबसल्या बघता येईल. एकराच्या वेगवेगळ्या भागातून तीन-चार ऊस काढ. आधी प्रत्येकावरची हिरवी पानं मोज. आठ-दहा असतील तर बरं, चार-पाचवर आली असतील तर काळजी. मग शेंड्याकडची पानं एकेक करून सोलत जा आणि पोंग्यापासून, म्हणजे शेंड्यातल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांपासून, खाली वीतभर भाग धारदार चाकूने उभा चीर. कोवळी पेरी एकावर एक दाटीने बसलेली दिसतील, आणि त्यांच्या अगदी वर वाढीचं टोक. ते पांढरट, कुरकुरीत, रसरशीत असेल तर ऊस जिवंत आहे. तपकिरी पडलं असेल, वास येत असेल, तर तो ऊस संपला. अर्थात पोंगा किडीनेही मरतो, तेव्हा अळीचं भोक आहे का तेही बघ. नंतर बुडाशी खुरप्याने वरंबा हलकेच उकर आणि पांढरी मुळी शोध. टोकं पांढरी असतील तर पेशी विभागतायत. सगळी मुळं तपकिरी, बोथट आणि हाताला बुळबुळीत लागली, तर नुसते क्षार नाहीत, मुळं गुदमरली आहेत.

मला गुदमरण्याचाच संशय आहे, आणि तो तुमच्या अहवालावरूनच येतो. उसाचं उत्पादन साधारण १.७ ईसीपर्यंत घटत नाही. त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे ५.९ टक्के घटतं. ५.२ ला हिशोब केला तर घट २० टक्क्यांच्या आसपास येते. वीस टक्के कमी ऊस म्हणजे शेजारच्या रानापेक्षा जरा बुटका ऊस. सात महिन्यांत कमरेएवढा राहिलेला ऊस नव्हे. म्हणजे आणखी काहीतरी आहे. एक शक्यता अशी की प्रयोगशाळेने ईसी संपृक्त मातीच्या अर्कात मोजलेली नाही. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा पातळ मिश्रणात मोजली असेल, तर खरा आकडा याच्या कितीतरी वर असणार. अहवालावर पद्धत लिहिलेली असते, नसेल तर फोन करून विचार. दुसरी शक्यता म्हणजे पाणी साचलेलं आहे. सोडियम बाहेर ढकलायला मुळाला ऊर्जा लागते, ऊर्जेसाठी प्राणवायू लागतो, आणि पाण्याने भरलेल्या काळ्या मातीत हवाच नसते. क्षार आणि साचलेलं पाणी एकत्र आले की नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षा मोठं होतं.

म्हणून पहिलं काम : गिरमिटाने पाच फुटांचं भोक पाडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती फुटांवर आलं ते मोजा. ओढ्याकडे एक आणि वरच्या बांधाकडे एक अशी दोन भोकं पाडलीत तर उत्तम. पाणी चार-पाच फुटांच्या आत असेल तर केशाकर्षणाने ते वर चढतं, उन्हाने उडून जातं, आणि क्षार वरंब्यावर ठेवून जातं. ते पांढरं फुटलेलं तिथून आलंय. दर आठ दिवसांचं पाणी ही पातळी आणखी वर आणतं. पाणी एकदम तोडू नका, कारण माती सुकली की उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात. पण वाफसा आल्याशिवाय पुढचं पाणी नको. ठिबक करता आलं तर थोडं पाणी वारंवार देता येतं आणि मुळाभोवतीचे क्षार पातळ राहतात.

आता जिप्सम. तुमच्या अहवालात सामू ८.५ च्या आत आहे, विनिमय सोडियम ५ टक्के आहे आणि ईसी ४ च्या वर. ही क्षारयुक्त जमीन झाली, चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, नव्हे. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम सोडवतं. तुमच्याकडे सोडवण्याजोगा सोडियम फारसा नाही, विरघळलेले क्षार आहेत, आणि ते पाण्याने धुऊन खाली घालवायचे आहेत. जिप्सम टाकला तर तुम्ही क्षारात क्षार घालणार. ट्रॉली थांबवायला सांग. मात्र एक लक्षात ठेव. क्षार धुतले गेल्यावर परत माती तपासायची. काळ्या जमिनीत कधी कधी क्षार निघून जातात आणि सोडियम मागे राहतो, मग माती मिटते, पाणी मुरत नाही. पाठ्यपुस्तकातली चोपणची १५ टक्के विनिमय सोडियमची मर्यादा आपल्या भारी काळ्या मातीला ढिली पडते, ती त्याच्या बऱ्याच आधी बिघडायला लागते. तेव्हा, आणि तेव्हाच, जिप्सम.

एक फूट माती धुवायची तर साधारण एक फूट पाणी तिच्यातून खाली जावं लागतं. तेवढ्याने त्या फुटातले ७०-८० टक्के क्षार निघतात. 'खाली जावं लागतं' हे आण्णांना दोनदा वाचून दाखव. खाली जायला वाट नसेल तर तेच पाणी तुमचं नुकसान करतं. पाऊस तोंडावर आहे. त्याच्या आधी ओढ्याकडचा चर उपसून, गाळ काढून मोकळा करा. पावसाचं पाणी हे धुण्यासाठी सगळ्यात चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. नदीचं नि विहिरीचं पाणी कितीही गोडं लागलं तरी त्यात असतात. ०.५ ईसीचं पाणी चांगलं समजलं जातं, पण त्याचं वर्षाला एक मीटर पाणी दिलं तर हेक्टरी तीन टनांवर क्षार शेतात येतात. निचरा नसेल तर ते जाणार कुठे?

कायमचा उपाय म्हणजे भूमिगत निचरा. चार फुटांच्या आसपास खोल गाडलेले सच्छिद्र पाईप पाणी गोळा करून मुख्य पाईपातून ओढ्यात सोडतात. एकट्या एकराचं हे काम नाही, कारण खालच्याच्या रानातून वाट लागते आणि वरच्याचं पाणी तुमच्याकडेच उतरत असतं. तुमच्याच तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही कामं केली आहेत. आण्णांना आणि दोघा-तिघा शेजाऱ्यांना घेऊन ती रानं बघून या. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे याच प्रश्नावर काम चालतं. हा प्रश्न आजचाही नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवरचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला होता. कालव्याचं पाणी आलं आणि काही वर्षांतच रानांत क्षार फुटू लागले. शंभरहून जास्त वर्षांनी आपण तेच बघतोय याचं मला फार वाईट वाटतं, कारण दुखण्याचं मूळ माहीत होतं आणि उपायही.

खतांचं थोडक्यात सांगते. शेंड्यात नव्या पेशी कमी बनतायत, तर वाढीव नत्र घेणार कोण? युरियाचं मातीत अमोनियम आणि नायट्रेट होतं, तेही पाण्यात विरघळलेले आयनच, म्हणजे मुळावरचा भार वाढतो. साचलेल्या पाण्यात त्यातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडून जातं ते वेगळंच. वाढवलेला हप्ता बंद करा, नेहमीची मात्रा लहान लहान हप्त्यांत द्या. पोटॅश द्याच, सोडियमपुढे पेशीला त्याची गरज आहे, पण म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यात क्लोराईड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या.

पोंगे चिरल्यावर निम्म्याहून जास्त मेलेले निघाले तर खोडवा धरू नका. पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घेऊन फुलोऱ्याआधी गाडा, रब्बीला गहू घ्या. गहू ६ ईसीपर्यंत तग धरतो. घेवड्याच्या वाटेला जाऊ नका, तो १ च्या पुढेच खचतो. पुन्हा उसावर यायचं तेव्हा पाडेगाव ऊस संशोधन केंद्राची फुले २६५ ही जात बघा, क्षारपड रानात ती इतर जातींपेक्षा बरी येते. पण निचरा न करता नुसती जात बदललीत तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा इथेच याल.

आणि एक काम खास तुझ्यासाठी. कॉलेजात कांद्याच्या मूलाग्राचं प्रात्यक्षिक असेलच. तीन पेल्यांवर कांदे ठेव : एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ३ ग्रॅम मीठ, तिसऱ्यात ६ ग्रॅम. म्हणजे साधारण ५० आणि १०० मिलिमोलर. मुळं आधी साध्या पाण्यात दोन सेंटिमीटर वाढू दे, मगच मिठाच्या पाण्यात हलव. सहा तासांनी, एका दिवसाने आणि तीन दिवसांनी थोडी टोकं कापून ॲसिटिक आम्ल-अल्कोहोलमध्ये घाल, आणि रंगवून विभागणाऱ्या पेशींचं शेकडा प्रमाण काढ. सोबत मुळांची लांबी रोज पट्टीने मोज. फक्त शेवटच्या दिवसाचं प्रमाण काढलंस तर फसशील. मुळाने एव्हाना जमवून घेतलेलं असेल तर आकडा बरा दिसेल आणि मूळ मात्र आखूडच असेल. चौथ्या दिवशी मिठातले काही कांदे परत साध्या पाण्यावर ठेव आणि पुढचे दोन दिवस मोजत राहा. ज्या दिवशी त्यांच्या मुळांची लांबी वाढायला लागेल त्या दिवशी आजोबांना कॉलेजात बोलवून ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली दाखव. आणि पोंगे चिरल्यावर काय दिसलं, भोकात पाणी किती फुटांवर आलं, ईसी कशात मोजली होती, या तीन गोष्टी मला कळव. पाईप किती अंतरावर टाकायचे ते त्यानंतर बोलू.